भूगोलाचा तास आणि पडद्यावरचा नकाशा : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

डिजिटल नकाशे वर्गात कसे वापरायचे ह्यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, ढीगभर आले. सारखे होते ते एकत्र केलेत, लांबलचक होते ते थोडे कापलेत आणि नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : मी नववीला भूगोल शिकवते. वर्गात एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आहे. गूगल अर्थ लावलं की पहिली पाच-दहा मिनिटं पोरं एकदम खूश, पृथ्वी गरगर फिरवा, झूम करा, "मॅडम आमचं घर दाखवा ना". नंतर सगळं थंड. तास संपल्यावर काय शिकलात विचारलं तर कोणालाच काही सांगता येत नाही. काय करू?

उत्तर : घर आधी दाखवून टाका, खरंच, नाहीतर तासभर तेच डोक्यात राहतं. पण त्यानंतर लगेच असा प्रश्न टाका ज्याचं उत्तर नुसतं बघून देता येणार नाही, मोजावंच लागेल. ह्या सगळ्या टूल्सबद्दल माझं हे एकच म्हणणं आहे आणि खालच्या उत्तरांतही तेच फिरून फिरून येणार आहे त्याला इलाज नाही. भिंतीवरच्या नकाशाने जे होतं तेच पडद्यावर करायचं असेल तर भिंतीवरचा बरा, तो हँग तरी होत नाही. पडदा तिथे वापरायचा जिथे कागदाचे हात टेकतात, म्हणजे पटकन मोजणं, काळात मागे जाणं, एकावर एक थर टाकून बघणं.

एक करून बघा. गूगल अर्थ प्रो हे कॉम्प्युटरवर टाकायचं व्हर्जन २०१५ पासून फुकट आहे, त्यात व्ह्यू मेनूमधून ग्रिड ऑन केलं की अक्षवृत्तं-रेखावृत्तं दिसतात. रूलर घेऊन विषुववृत्तावर एक अंश रेखांशाचं अंतर मोजायला लावा, साधारण १११ किमी येतं. मग ३० अंश उत्तरेला तेच मोजा, ९६ च्या आसपास. आता ६० अंशावर मोजायच्या आधी थांबायचं आणि प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, पेनाने, खोडरबर नाही. बरीच मुलं सरळ हिशोब करतात की ३० अंशात १५ कमी झाले, पुढच्या ३० मध्ये अजून १५, म्हणजे ८१. आणि पडद्यावर येतात ५५-५६. मग भांडण सुरू होतं, रूलर चुकलं, तू नीट क्लिक नाही केलंस, परत मोज, आणि ह्या भांडणातच तुमचा तास वसूल होतो. गणितात कोसाइन झालं असेल तर ६० अंशाचा कोसाइन अर्धा असतो एवढं सांगून गप्प बसा, बाकीचं त्यांचं ते शोधतात.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन ह्या दरीचं. फोटोंमुळे सगळ्यांना वाटतं की ती चिरल्यासारखी अरुंद खोल घळई आहे. दोन्ही काठ जोडणारी रेघ पाथ म्हणून काढा, सेव्ह करा, डावीकडच्या यादीत तिच्यावर राइट क्लिक करून शो एलिव्हेशन प्रोफाइल घ्या. ग्राफ मस्त खोल दिसतो, पण त्याचा उभा आणि आडवा अक्ष एका मापाचा नसतो, ही खरी गंमत. मुलांना तोच ग्राफ वहीत दोन्हीकडे सारखं प्रमाण घेऊन काढायला सांगा, १ सेंमी म्हणजे १ किमी. सरासरी रुंदी धरा १६ किमी आणि खोली १.६, म्हणजे वहीत १६ सेंमी रुंद आणि जेमतेम दीड सेंमी खोल. एवढीशी दिसते ती दरी.

प्रश्न : मी आठवीत आहे. ऑनलाइन सपाट मॅपमध्ये ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. सर म्हणाले प्रक्षेपणामुळे. पण मग एवढ्या मोठ्या मोठ्या कंपन्या चुकीचा नकाशा का वापरतात?

उत्तर : प्रश्न भारी आहे तुझा, आणि "प्रक्षेपणामुळे" हे उत्तर बरोबर असलं तरी अर्धवट आहे. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत. आफ्रिका ग्रीनलंडच्या साधारण १४ पट मोठी आहे. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये हे प्रक्षेपण केलं ते खलाशांसाठी, त्यात होकायंत्राची एकच दिशा धरून जायचा मार्ग सरळ रेषेत येतो. त्याची किंमत अशी की ध्रुवांकडे जाल तसं सगळं ताणलं जातं, ६० अंशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं.

आता ऑनलाइन नकाशात हेच का. तू झूम करतोस तेव्हा नकाशा छोट्या छोट्या चौकोनी फरशांच्या रूपात येत असतो, आणि सगळं जग एका चौकोनात बसलं तर त्याचे चार, मग सोळा असे तुकडे करणं सोपं जातं. म्हणून हे नकाशे उत्तर-दक्षिणेला साधारण ८५ अंशावर कापलेले असतात, ध्रुव त्यात नसतातच, बघ शोधून. आणि दुसरं म्हणजे ह्या प्रक्षेपणात छोट्या भागातले आकार आणि कोन जवळजवळ जसेच्या तसे राहतात, काटकोनी चौक काटकोनीच दिसतो, मग तो चौक जगात कुठेही असो. गल्ली शोधणाऱ्याला हेच हवं असतं, त्याला ग्रीनलंडशी काय देणंघेणं. म्हणजे नकाशा चुकीचा नाही, रस्ता शोधायचा नकाशा तू देशांची तुलना करायला वापरतोयस. गूगल मॅप्स कॉम्प्युटरवर २०१८ पासून बरंच झूम आउट केलं की गोल दाखवतं, ते ह्याचसाठी.

एक काम देते तुला. पॅसिफिक मधोमध येईल असा सपाट नकाशा घेऊन टोकियो ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ मार, ती पॅसिफिकमधून जाईल. मग गूगल अर्थमध्ये रूलरने तीच दोन शहरं जोड आणि रेघ कुठल्या राज्यावरून जाते ते सरांना दाखव. (अलास्का. पण मी सांगितलं असं सांगू नकोस.)

प्रश्न : समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) कितीही शिकवल्या तरी दरी आणि डोंगराची सोंड ह्यात मुलांचा गोंधळ होतोच. थ्रीडी दाखवलं तर फायदा होईल का?

उत्तर : होईल, पण थ्रीडी शेवटी. बहुतेक जण आधी डोंगर फिरवून दाखवतात मग रेषा दाखवतात, आणि उत्तर आधीच दिसल्यामुळे मुलं रेषा वाचतच नाहीत. ओपनटोपोमॅप नावाचा फुकटचा नकाशा ब्राउझरमध्ये उघडतो, त्यात जगभरच्या समोच्च रेषा आहेत. सुरुवातीला जपानमधला फुजी घ्या, ३,७७६ मीटर, जवळजवळ गोल वलयं असलेला साधासरळ ज्वालामुखी. मग एखादा गुंतागुंतीचा डोंगराळ भाग घ्या जिथे रेषा इंग्रजी व्ही सारख्या वळतात, आणि विचारा की ह्या व्हीमधून पाणी वाहील की नाही. टोक जास्त उंचीकडे तर दरी, कमी उंचीकडे तर सोंड, हे तुम्ही सांगू नका, त्यांनी रेषांवरचे आकडे वाचून ठरवायचं आणि हात वर करायचे, मगच गूगल अर्थमध्ये तीच जागा तिरकी करून दाखवा. छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यावर दिसणारा आकार, तोही आधी कागदावर, नंतर एलिव्हेशन प्रोफाइलशी ताडून बघायचा.

दोन गोष्टी सांभाळा. सेटिंगमध्ये उंची वाढवून दाखवायचा एक आकडा असतो, प्रोमध्ये तो ३ पर्यंत जातो, तो १ वर आहे ना बघा नाहीतर टेकडीसुद्धा हिमालय दिसेल. आणि उंचीची माहिती चौकटींमध्ये असते, एका चौकटीला एकच उंची. अशा माहितीचा एक मोठा साठा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांत रडारने गोळा केला होता, ६० उत्तर ते ५६ दक्षिण अक्षांशांमधला. त्यातली एक चौकट साधारण ३० मीटरची, म्हणजे अशा माहितीत उभा कडा उतारासारखा दिसतो आणि दाट जंगलात जमिनीऐवजी बऱ्याचदा झाडांच्या शेंड्यांची उंची येते. आपल्या छेदात आणि पडद्यावरच्या छेदात फरक का आला हा प्रश्न मुलांनी विचारला तर समजा की जमलं.

प्रश्न : गूगल अर्थ लाइव्ह असतं का? माझा मुलगा म्हणतो असतं.

उत्तर : नाही. वेगवेगळ्या वर्षी घेतलेले उपग्रहांचे आणि विमानातून काढलेले फोटो जोडून केलेलं चित्र आहे ते, शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत एकीकडे उन्हाळा आणि एकीकडे पावसाळा असू शकतो. तारीख स्क्रीनवर लिहिलेली असते, ती वाचायची सवय लावा.

प्रश्न : नदीचं कार्य शिकवताना नागमोडी वळणं, कुंडलकासार वगैरे फळ्यावर काढतोच. हे प्रत्यक्ष होताना दाखवता येतं असं ऐकलंय, कुठे आणि कसं?

उत्तर : येतं, आणि माझ्या मते पडद्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. गूगल अर्थमध्ये टाइमलॅप्स म्हणून सोय आहे, १९८४ पासून दरवर्षीचं एक चित्र, सिनेमासारखं चालतं. पेरू देशातली उकायाली नदी शोधा. अक्षरशः वळवळते. वळणं फुगतात, मान बारीक होत जाते, एके वर्षी नदी तिथून आरपार जाते आणि जुनं वळण बाजूला पडतं, तेच कुंडलकासार. फळ्यावर आपण तीन आकृत्या काढतो आणि मुलांना वाटतं हे लाखो वर्षांत होतं, इथे त्यांच्या आईवडिलांच्या वयात झालेलं दिसतं.

पण परत तेच, नुसतं बघू नका. प्रोमध्ये घड्याळाचं चिन्ह आहे, त्यातून जुनी चित्रं निघतात. एक वळण निवडा, जुन्या चित्रात बाहेरच्या काठावर खूण करा, नव्या चित्रात काठ किती सरकला ते मोजा, मधल्या वर्षांनी भागा. मग आतला काठ मोजा. बाहेर झीज आणि आत भर हे पाठ करायची गरजच राहत नाही.

ह्याला जोडून कॅस्कॅस्किया नक्की दाखवा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याची सीमा मिसिसिपी नदीवर ठरलेली, नदीच्या पलीकडे मिझुरी. १८८१ च्या पुरात नदीने पात्र बदललं आणि हे गाव नदीच्या पलीकडे गेलं, सीमा मात्र जुन्या पात्रावरच राहिली. आजही इलिनॉयमधलं हे गाव नदीच्या मिझुरीच्या बाजूला आहे. सीमारेषेचा थर चालू ठेवून बघा, सीमा नदी सोडून भलतीकडेच वळते, मुलांना आधी कारण सांगू नका.

मध्य आशियातला अरल समुद्रही बरेच जण दाखवतात, दाखवावाच, पण एक लक्षात ठेवा. १९६० मध्ये तो साधारण ६८,००० चौ.किमी. होता, कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या ह्या नद्यांचं पाणी वळवल्यावर आटायला लागला, आणि टाइमलॅप्स सुरू होतो १९८४ ला. म्हणजे पहिली वीसेक वर्षं त्यात नाहीतच आणि मुलांना वाटतं की पहिल्या चित्रात दिसतो तेवढाच मूळ समुद्र. १९६० चा आकार ऍटलासमधून काढून वर बसवायचा, तेव्हा खरा धक्का बसतो. उत्तरेकडचा तुकडा २००५ च्या कोक-अरल धरणानंतर परत भरायला लागला तेही बघा, २०१४ मध्ये दक्षिण भागाचं पूर्वेचं खोरं पूर्ण कोरडं पडलं तेही.

अजून एक, ही जुनी चित्रं लँडसॅट उपग्रहांची, एक ठिपका ३० मीटरचा. घर किंवा ओढा त्यात दिसणार नाही, तो शोधत बसू नका. सेंटिनेल-२ ह्या उपग्रहांचा ठिपका १० मीटरचा आणि कोपर्निकस ब्राउझर ह्या साइटवर फुकट बघता येतो, पण ती चित्रं २०१५ पासूनची आहेत.

प्रश्न : वितरणाचे नकाशे हाताने रंगवण्यात दोन-दोन तास जातात. कॉम्प्युटरवर केले तर चालेल का? आणि मुलांनी सर्व्हे करून आणलेली माहिती नकाशावर कशी टाकायची?

उत्तर : एक हाताने रंगवू द्या, बाकीचे खुशाल कॉम्प्युटरवर. कारण हाताने रंगवताना गट कुठे पाडायचे हे ठरवावं लागतं, कॉम्प्युटर ते न विचारता ठरवतो आणि तिथेच घोळ आहे. डेटारॅपरसारख्या साइटवर तक्ता टाकला की क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे प्रत्येक विभागाला आकड्याप्रमाणे फिकी-गडद छटा दिलेला, तयार मिळतो. तोच तक्ता सारख्या अंतराच्या गटांनी आणि मग सारख्या संख्येच्या गटांनी (प्रत्येक गटात तेवढेच विभाग) रंगवून दोन्ही शेजारी ठेवा, दोन वेगळे देश वाटतील. मुलांना विचारा की तुम्ही मंत्री असतात तर कुठला छापला असता.

दुसरी चूक सगळीकडे दिसते, छापील नकाशांतही, ती म्हणजे क्षेत्रघनी नकाशात एकूण आकडा टाकणं. रशियाची लोकसंख्या साधारण साडेचौदा कोटी आणि बांगलादेशाची सतरा कोटींच्या आसपास. एकूण आकड्यावर रंगवलं तर दोन्ही एकाच गडद छटेत येतील, आणि रशिया प्रचंड असल्यामुळे अख्खा उत्तर भाग माणसांनी भरलाय असं वाटेल. घनतेवर रंगवलं तर रशिया चौ.किमी.ला दहाच्याही खाली आणि बांगलादेश हजाराच्या वर. एकूण आकडा दाखवायचाच असेल तर टिंब पद्धत आहेच ना, ठरावीक संख्येला एक टिंब.

सर्व्हेसाठी गूगलचं माय मॅप्स पुरेसं आहे, एका वेळी २००० ओळींपर्यंतची स्प्रेडशीट घेतं. अक्षांश आणि रेखांश दोन वेगळ्या कॉलममध्ये आणि कुठला कुठला ते नीट लिहिलेलं हवं. माणसं अक्षांश आधी बोलतात, पण केएमएल आणि जिओजेसन ह्या नकाशाच्या माहितीच्या फाइली रेखांश आधी मागतात, उलटं झालं की तुमची विहीर थेट दुसऱ्या खंडात. आणि रकाना रिकामा राहून कुठे शून्य-शून्य धरलं गेलं तर ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडतो. तिथे नुसतं पाणी आहे पण जगभरातल्या अशा गंडलेल्या नोंदींमुळे त्या जागेला गमतीने नल आयलंड म्हणतात, नल म्हणजे रिकामा आणि आयलंड म्हणजे बेट. मुलांना हा किस्सा फार आवडतो आणि रकाने तपासायची आठवणही राहते.

प्रश्न : आमच्याकडे नेट कधी असतं कधी नसतं आणि फोन मोजकेच.

उत्तर : फोनमधल्या जीपीएसला नेट लागत नाही हे आधी मुलांना दाखवा, बऱ्याच मोठ्यांनाही माहीत नसतं. सिग्नल २०,२०० किमी उंचीवरच्या उपग्रहांकडून येतो, नेट लागतं ते मागचा नकाशा उतरवायला. तो ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ऍपमध्ये आधी उतरवून ठेवता येतो. गूगल अर्थ प्रोमध्येही एकदा नीट झूम करून बघितलेला भाग कॉम्प्युटरवर साठतो, त्यामुळे नेट असेल तिथे आदल्या दिवशी सगळ्या जागा फिरून घ्या. आणि काहीच नाही जमलं तर दोन वर्षांची दोन चित्रं प्रिंट काढून ट्रेसिंग पेपर द्या. गटात एक फोन पुरतो, उलट बरा, भांडतात आणि बोलतात.

क्षेत्रभेटीत एकाच जागी उभं राहून सगळ्या फोनवर अक्षांश-रेखांश वाचून बघा, आकडे जुळत नाहीत. उघड्यावर साधारण ५ मीटर इकडेतिकडे होतंच, उंच इमारतींमध्ये जास्त. दशांशचिन्हानंतरचा चौथा अंक म्हणजे अंदाजे ११ मीटर, पाचवा एक मीटर, मग ऍप दाखवतं ते सहा-सात अंक कशाला लिहायचे हे मुलांनाच ठरवू द्या.

प्रश्न : पालक म्हणून विचारतो, ह्यात मुलांची घरं, येण्याजाण्याचे रस्ते वगैरे नेटवर जात नाहीत का?

उत्तर : जाऊ शकतात, काळजी बरोबर आहे. स्ट्राव्हा नावाच्या व्यायामाच्या ऍपने लोकांच्या धावण्याच्या मार्गांचा एकत्रित नकाशा टाकला होता, नावं नव्हती तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांनी त्यावरून लष्करी तळ ओळखून काढले. तर शाळेतल्या मुलांच्या घराचं काय घेऊन बसलात. शिक्षकांना सांगा की घराची पिन नको, जवळचा चौक चालेल, मॅप शेअर करताना सगळ्यांसाठी खुला ठेवू नये आणि फोटो टाकायच्या आधी त्यातलं लोकेशन काढावं.

प्रश्न : ओपनस्ट्रीटमॅप कोणीही बदलू शकतं म्हणे. मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यापेक्षा मोठ्या संस्थांचे नकाशे बरे नाहीत का?

उत्तर : सँडी आयलंड बघा. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधलं बेट, १९०८ च्या ब्रिटिश ऍडमिरल्टीच्या, म्हणजे आरमार खात्याच्या, सागरी नकाशावर होतं, पुढे गूगल अर्थवरही आलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये सदर्न सर्व्हेयर नावाचं ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज तिथे पोचलं तर बेटच नाही, खाली १,३०० मीटरहून जास्त खोल समुद्र. मोठ्या संस्था एकमेकींची माहिती उचलतात तेव्हा चूकही उचलतात. सीमांचं तर विचारूच नका, वादग्रस्त सीमा कुठल्या देशातून बघताय त्यावरही बदलते, म्हणून प्रदर्शनात वगैरे लावायचा असेल तर आपल्या देशाच्या अधिकृत सर्वेक्षण संस्थेचाच नकाशा घ्या.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झाला, लोकांनीच केलेला आहे, कुठे अप्रतिम आणि कुठे रिकामा. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातल्या लोकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि मदत करणाऱ्यांनी तेच नकाशे वापरले. त्यात प्रत्येक बदलाचा इतिहास बघता येतो, कोणी, कधी, काय. शाळेच्या आसपासचा चौकोन घ्या, मुलांना घेऊन पायी फिरा आणि काय चुकलंय, काय नाहीच त्याची यादी करा. बदल मात्र तुम्ही तपासून मगच टाका, नाहीतर एखादा पोरगा मैदानाला मित्राचं नाव देऊन मोकळा होईल.

प्रश्न : क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकावं का? दोन व्हिडिओ बघितले आणि घाबरलो.

उत्तर : तुम्ही शिका, वर्गावर लादू नका. फुकट आहे, ताकदवान आहे, पण माध्यमिकच्या मुलांचा सगळा वेळ बटणं शोधण्यात जातो आणि भूगोल बाजूला राहतो. तुम्हाला मात्र हवा तो भाग, हवे ते थर घेऊन स्वतःचा स्वच्छ नकाशा काढून प्रिंट देता येतो, आणि ज्या वर्गात दोन-तीन मुलं खरंच मागे लागतील त्यांना तासानंतर बसवता येतं. सुरुवात एका कामाने करा, एक सीमांची फाइल, एक तक्ता, दोन्ही जोडायचे आणि रंग द्यायचा. बहुतेक वेळा अडतं ते जोडताना, दोन्हीकडे जिल्ह्याच्या नावाचं स्पेलिंग सारखं नसतं म्हणून, तेवढं आधी तपासा.